जुन्या टॅरो पत्त्यांचा कुबट वास कसा घालवायचा

जुना टॅरोचा संच हाती आला की पहिली खुमखुमी येते ती पत्ते पिसायची. तेवढी आवरा. पेटी उघडल्याबरोबर कुबट वास आला असेल, तर पिसताना एका पत्त्यावरची बुरशीची भुकटी बाकी सगळ्यांवर बसते आणि थोडी तुमच्या छातीतही जाते. आधी वासाचा बंदोबस्त, मग पत्ते.

टॅरोतून भविष्य दिसतं की नाही, तो वाद इथे काढत नाही. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत हे पत्ते चक्क खेळायला म्हणून निघाले, भविष्य त्यांना तीनेकशे वर्षांनी चिकटलं. आज आपल्याकडे दिसणारे बरेचसे संच १९०९ साली लंडनमध्ये निघालेल्या रायडर-वेट संचाच्या वळणाचे असतात. त्याची चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांनी काढली. म्हणजे तुमच्याकडचा संच बहुधा यंत्रावर छापलेला, कागदाचे थर चिकटवून वर चकाकीचा लेप दिलेला असणार. पुढची सगळी कृती अशाच पत्त्यांसाठी आहे.

मराठवाड्यातल्या माणसाला या कामात एक सोय आयती मिळते, ती म्हणजे कोरडी हवा. आपला पाऊस वर्षाला सरासरी ७०० ते ८०० मिलिमीटरच्या घरात, आणि तोही मुख्यतः जून ते सप्टेंबरात. फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत दुपारची हवा इतकी सुकी असते की कुरडया दोन दिवसांत कडकडीत होतात. कोकणातला माणूस ज्यासाठी यंत्र विकत घेतो ते आपल्या गच्चीवर फुकट आहे. जमलं तर हे काम याच महिन्यांत काढा. श्रावणात संच हाती आला असेल, तर आत्ता फक्त तो वेगळा ठेवायची, झाडायची आणि कोळशाच्या डब्याची पायरी करा. खरं वाळवण दसरा-दिवाळीनंतर.

वास कशाचा आहे ते आधी ठरवा

सगळे जुने वास एक नसतात आणि सगळ्यांवर एक औषध नाही.

ओल धरलेल्या पत्त्यांना मातकट, कोंदट वास येतो. बुरशी आणि तिच्यासोबतचे जिवाणू वाढताना हवेत उडणारी रसायनं सोडतात. त्यातलं एक जिओस्मिन. पहिल्या पावसानंतर मातीला जो वास येतो त्यातही तेच असतं. आपल्या नाकाला ते इतक्या कमी प्रमाणात कळतं की संच डोळ्यांना स्वच्छ दिसत असला तरी नाक फसत नाही. मातीतून आला की आपण तो छाती भरून घेतो, पेटीतून आला की नाक मुरडतो, आणि इथे नाक मुरडणंच बरोबर आहे.

नुसत्या म्हाताऱ्या कागदाचा वास वेगळा. किंचित गोडसर, व्हॅनिलाच्या अंगाने जाणारा. कागदातले घटक वर्षानुवर्षं हळूहळू मोडत जातात, त्याचा तो वास. तो पूर्ण जात नाही आणि घालवायची गरजही नाही. नवशिके याच वासाच्या मागे लागून चांगले पत्ते खराब करतात.

डांबरगोळीचा वास ओळखायला कुणी शिकवावं लागत नाही. ट्रंकेत साड्यांबरोबर ठेवलेला संच असेल तर हाच. डांबरगोळी घन अवस्थेतून थेट हवेत उडून जाणारी असल्याने वारा लागला की वास आपोआप उतरतो, फक्त काही आठवडे लागतात. सिगारेटचा आणि उदबत्ती-धुपाचा वास चिवट असतो, कारण त्यात धुराचा चिकट थर पत्त्यावर बसलेला असतो. तो पुसल्याशिवाय जात नाही. आणि झुरळांचा तेलकट, उग्र वास येत असेल तर पेटीच्या कोपऱ्यांत काळे बारीक कण शोधा, सापडतीलच.

एक गोष्ट लक्षात असू द्या. पाच मिनिटं वास घेतला की आपलं नाक त्याला सरावतं आणि काहीच कळेनासं होतं. बाहेर चक्कर मारून या, नाहीतर घरातल्या दुसऱ्या कुणाला वास घ्यायला सांगा. रोज तपासताना तर दुसऱ्याचंच नाक वापरा.

मोजणी आणि पाहणी

कष्ट घेण्याआधी पत्ते मोजा. पूर्ण संचात ७८ असतात: २२ मोठ्या आर्कानाचे आणि ५६ छोट्या आर्कानाचे (आर्काना म्हणजे संचातला पत्त्यांचा गट). हे ५६ म्हणजे वाँड्स, कप्स, स्वोर्ड्स आणि पेंटॅकल्स अशा चार रंगांचे प्रत्येकी १४. बऱ्याच संचांत एक-दोन जादा पत्ते असतात, कोरे किंवा प्रकाशकाच्या जाहिरातीचे. ते टाकू नका, पुढे प्रयोगाला लागतात. पत्ता कमी निघाला तर हा खटाटोप करायचा की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. माझ्या मते संच घरातल्या कुणाची आठवण असेल तरच करावा.

पाहणी उन्हात करू नका, संध्याकाळी टॉर्च घेऊन करा. पत्ता टेबलावर सपाट ठेवा आणि टॉर्च जवळजवळ आडवा धरून उजेड पत्त्यावरून सरपटत जाईल असा सोडा. समोरून जे दिसत नाही ते या आडव्या उजेडात उभं राहतं. ‘द मून’चा पत्ता घ्या, त्यावर मोकळं निळं आभाळ भरपूर असतं म्हणून डाग चटकन दिसतात. तिथे पांढुरकी, लव असल्यासारखी वर आलेली भुकटी दिसली तर ती जिवंत किंवा नुकतीच सुकलेली बुरशी. तांबूस-तपकिरी ठिपके, बोट फिरवलं तरी सपाट लागणारे, हे जुने डाग. ते निघत नाहीत, पण त्रासही देत नाहीत. कडेला थर सुटून पत्ता पानासारखा उकललाय का, तेही बघा. उकललेल्या कडेतून ओल आतल्या डिंकापर्यंत गेलेली असते, आणि अशा पत्त्याचा वास सगळ्यात शेवटी जातो.

मग पत्ते, पुस्तिका, पेटी आणि असेल तर कापडी बटवा, सगळं वेगवेगळं करून प्रत्येकाचा वास घ्या. खूपदा पत्ते बऱ्यापैकी असतात आणि वासाचं मूळ असतं पुठ्ठ्याच्या पेटीत, किंवा गंजलेल्या पिना मारलेल्या त्या पातळ पुस्तिकेत. हलका पुठ्ठा ओल पिऊन धरून ठेवतो. पेटीवर फार जीव नसेल तर तिचा फोटो काढून ठेवा आणि तिला निरोप द्या. अर्धं काम तिथेच होतं. मखमली बटवा मात्र साबणाच्या पाण्यात धुवून कडक उन्हात वाळवला की पुन्हा वापरता येतो.

झाडणं

हे काम घरात नाही, गच्चीवर किंवा अंगणात. वाऱ्याकडे पाठ करून बसा. तोंडाला एन-९५ मास्क बांधा, साधा रुमाल पुरत नाही. घरात दमेकरी माणूस असेल तर त्याला यात घेऊ नका, मदतीलाही नाही.

चित्रकलेचा मऊ, रुंद ब्रश घ्या. पत्ता एका हातात उभा धरून वरून खाली एकाच दिशेने झाडा. पुढे-मागे घासलं की बुरशी कागदात रगडली जाते. दोन्ही बाजू आणि चारही कडा झाडायच्या. झाडलेलं खालच्या रद्दी कागदावर पडेल, तो कागद घडी घालून सरळ कचऱ्यात टाका, झटकू नका. ब्रश नंतर साबणाने धुवून उन्हात ठेवा.

किडीचा संशय असेल तर झाडल्यावर संच हवाबंद पिशवीत घालून, हवा काढून, फ्रीजरच्या खणात आठवडा-दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. दिवसभर तशीच बाहेर राहू द्या, नाहीतर गार पत्त्यांवर हवेतली वाफ पाण्याचे थेंब होऊन बसते आणि केलेलं सगळं पाण्यात. थंडीने कीड मरते. बुरशी मात्र नुसती झोपते, तिच्यासाठी फ्रीजरचा उपयोग नाही.

वाळवण

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि लोक नेमकी हीच उरकून टाकतात. पत्त्यात ओल असेपर्यंत सोडा घाला, कोळसा घाला, अत्तर लावा, वास परत येणार.

उन्हात थेट टाकायचे नाहीत. ऊन शाईचा रंग उडवतं आणि कागद पिवळा पाडतं, शिवाय एप्रिलच्या आपल्या उन्हात पत्ता दहा मिनिटांत पापडासारखा वाकतो. तो वाकतो याचं कारण साधं आहे. वरची बाजू आधी सुकून आकसते, खालची अजून ओलसर असते, आणि ओढाताणीत पत्ता वरच्या बाजूला वळतो. म्हणून सावली हवी, वारा हवा आणि पत्त्याच्या दोन्ही बाजूंना हवा लागायला हवी.

शहाबादी फरशीवर पसरू नका. ती गार असते, पावसाळ्यात तर तिला घाम सुटल्यागत ओल येते. वर्तमानपत्रावरही नको, ती शाई पांढऱ्या कडांना लागते. सगळ्यात चांगली जागा म्हणजे बाज. बाजेवर जुनं, धुतलेलं पातळ धोतर अंथरा, त्यावर पत्ते एकमेकांना न लागता मांडा. खालून-वरून हवा खेळते. बाज नसेल तर सूप किंवा वेताची मोठी परडी चालते. पत्ते ७८ म्हणजे एका सुपात मावणार नाहीत, दोन-तीन पाळ्या करा. जागा कमी असेल तर स्वयंपाकघरातलं ताटाळं रिकामं करून त्याच्या खाचांमध्ये पत्ते उभे लावता येतात, दोन पत्त्यांत बोटभर अंतर आपोआप राहतं. चिमट्याने दोरीवर टांगायची कल्पना सुचेल. चिमट्याचे वळ कायमचे उठतात.

सकाळी दव उतरल्यावर, म्हणजे साधारण दहाला मांडायचे आणि उन्हं उतरायच्या आत उचलायचे. पडवीत किंवा खिडकीजवळच्या खोलीत, पंखा हळू ठेवून. लाइट गेली तरी बिघडत नाही, दारं समोरासमोर उघडी ठेवली की पुरतं. दर दोन तासांनी पत्ते उलटायचे. रात्री सगळे पुन्हा स्टीलच्या कोरड्या डब्यात. असं चार-पाच दिवस, ओल जास्त असेल तर आठवडाभर. पत्ता हातात धरून हलकेच वाकवून सोडला आणि तो टणत्कार केल्यागत सरळ झाला, तर वाळला. मऊ, लुळा राहिला तर अजून सादळलेला आहे.

वाळवण चालू असताना त्या खोलीत कूलर लावायचा नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्या भागात मे महिन्यात पत्ते ओल धरतात ते पावसाने नव्हे, कूलरने. कूलर पाण्यातून हवा ओढून खोलीत सोडतो, त्यामुळे बाहेर कडकडीत कोरडं असताना बंद खोलीत मात्र दमटपणा साचतो. कूलरच्या तोंडासमोरच्या शेल्फवर ठेवलेला संच उन्हाळ्यात बुरसटतो आणि लोक पावसाळ्याला दोष देत बसतात.

कोळशाचा डबा

वाळवणानंतर बहुतेक संचांचा निम्मा वास गेलेला असतो. उरलेला कोळसा शोषून घेतो.

घराघरात सांगितला जातो तो खायचा सोडा. त्याचा उपयोग आहे, पण लोक समजतात तेवढा नाही. सोडा आंबूस, आम्लधर्मी वासांवर चांगला चालतो. मातकट कुबट वास देणारी रसायनं बहुतेक त्या जातीची नसतात. त्यांच्यासाठी सक्रिय कोळसा हवा. त्याच्या एका ग्रॅममधल्या छिद्रांचा पृष्ठभाग पसरला तर पाचशे चौरस मीटरहून जास्त भरतो, आणि वासाचे रेणू त्या पृष्ठभागाला धरून बसतात. शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानात फिल्टरसाठी हा दाणेदार कोळसा सुटा मिळतो. इस्त्रीवाल्याकडचा साधा लाकडी कोळसाही थोडंफार काम करतो, फक्त जास्त घ्यावा लागतो आणि त्याची काजळी सांभाळावी लागते. दोन्ही मिळत असतील तर एका वाटीत सोडा, एका वाटीत कोळसा.

सोडा म्हणजे खायचाच. धुण्याचा सोडा आणि पापडखार नको, ते फार तीव्र असतात.

आता डबा. पापडाचा मोठा, घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घ्या. तो धुवून, उन्हात तापवून, गार करून घ्या, नाहीतर पत्त्यांना पापडाचा वास लागेल. तळाशी पसरट वाटीत दोन मुठी कोळसा ठेवा आणि वाटीवर मलमलचा तुकडा दोऱ्याने बांधा. त्यावर जाळी किंवा छोटी चाळणी उपडी ठेवा. पत्ते चाळणीवर सैल ठेवा, हातात पंखा धरल्यासारखे पसरून, म्हणजे प्रत्येकाच्या मधे हवा जाईल. दाबून गड्डी ठेवली तर वरचे आणि खालचे दोनच पत्ते सुधारतात. कोळसा किंवा सोडा पत्त्याला कुठेही लागता कामा नये. सोड्याची भुकटी थेट पत्त्यांवर भुरभुरायचा सल्ला मला पटत नाही. ती कडांमधल्या फटींत शिरते आणि पिसताना बोटांना लागत राहते.

झाकण लावून डबा सावलीत ठेवा. दर दोन-तीन दिवसांनी उघडा, पत्त्यांची जागा बदला, कोळसा हलवा. आठवड्याने वास तपासा. अजून असेल तर कोळसा बदलून पुन्हा आठवडा. धुराचा किंवा डांबरगोळीचा वास असेल तर महिनाभराची तयारी ठेवा. घाई करून काही साधत नाही.

कॉफीची पूड, चहापत्ती, लवंगा, वेखंड हे सगळे वासावर वास चढवतात. चार दिवस कॉफी, पाचव्या दिवशी कॉफी आणि कुबट दोन्ही. तांदूळही ठेवू नका. ओल जेमतेम शोषतो आणि सोंडे किडे हमखास बोलावतो.

पुसायचं की नाही

पत्त्यांवर लेप असेल तरच, आणि वास अजून रेंगाळत असेल तरच. लेप आहे का हे कळायला जादा पत्त्याच्या कोपऱ्यावर ओल्या बोटाचा एक ठिपका लावा. ठिपका वरच राहिला तर लेप आहे, कागदात मुरून काळपट झाला तर नाही.

लेपाच्या पत्त्यांसाठी औषधाच्या दुकानात मिळणारं ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल. आधी जादा पत्त्यावरच करून बघा. शाई कापसाला लागली तर तिथेच थांबा. नाही लागली तर मऊ, धागे न सुटणारा सुती तुकडा जेमतेम ओलसर करून एक हात फिरवा आणि लगेच कोरड्या कापडाने टिपा. तुकडा पिळून थेंब पडत असेल तर तो फार ओला आहे. कडांवर कधीच नाही, ओल तिथूनच आत जाते. सोनेरी कडा असतील तर त्यांना हातच लावू नका. अल्कोहोल पेट घेतं, म्हणून गॅस, समई आणि उदबत्ती लांब.

लेप नसलेले पत्ते कोरडेच स्वच्छ करायचे. पांढरं, मऊ खोडरबर बारीक किसणीवर किसून त्याची भुकटी पत्त्यावर पसरा, बोटाच्या पेराने हळू गोल फिरवा आणि ब्रशने झाडा. मळ आणि त्याबरोबर बराच वास निघून येतो.

घरात सावंतवाडीचे गंजिफाचे गोल पत्ते असतील आणि त्यांनाही वास मारत असेल, तर वाळवणापर्यंतच्या पायऱ्या चालतील, पण अल्कोहोल अजिबात नको. त्यावर लाखेचा लेप असतो आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते.

वाकलेले पत्ते सरळ करायला पांढऱ्या कोऱ्या कागदांच्या मधे एकेक थर मांडा, वर प्लायवूडचा तुकडा आणि त्यावर पाटा. दोन-तीन दिवस. पूर्ण वाळल्यावरच हे करायचं, ओले पत्ते दाबले तर एकमेकांना चिकटतात.

शुद्धीकरणाच्या नावाखाली

टॅरो वाचणाऱ्यांमध्ये संच ‘शुद्ध’ करायच्या बऱ्याच रीती आहेत. श्रद्धेला हात न लावता एवढंच सांगतो की कागदाला त्या सोसत नाहीत. पत्ते मिठात पुरून ठेवतात. मीठ हवेतली ओल ओढतं आणि मृगाचा पहिला पाऊस पडला की त्याला पाणी सुटतं, ते पत्त्यांत उतरतं. लोबान, ऊद, धूप यांचा धूर वास झाकतो आणि वर नवा चिकट थर बसवतो. पौर्णिमेच्या चांदण्यात गच्चीवर रात्रभर ठेवलेल्या संचावर कार्तिकात चांगलं दव पडतं. हौस असेलच तर चांदणं बंद काचेच्या आतून दाखवा, आणि धूप पत्त्यांपासून चार हात लांब फिरवा.

ओझोन सोडणारी यंत्रं हल्ली स्वस्त मिळतात, त्यांच्याही नादी लागू नका. ओझोन वास मारतो खरा, पण कागदही जाळत नेतो आणि फुप्फुसांनाही बाधतो. व्हिनेगर आणि कपड्यांचं ब्लीच यांचंही तेच.

वास गेल्यावर संच कुठे ठेवायचा

आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत माळवद गळतं, नव्या बांधकामात गच्ची पाझरते. दोन्हीकडे भिंतीतलं कपाट सगळ्यात वाईट जागा, विशेषतः बाहेरच्या भिंतीतलं. भिंतीला लोणा लागून पोपडे सुटत असतील तर त्या खोलीतच नको. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं म्हणून घरोघर जिन्याखाली ड्रम भरून ठेवलेले असतात. त्या बाजूच्या कपाटातही नको. आतल्या भिंतीला, जमिनीपासून कंबरेइतक्या उंचीवर, भिंतीला न टेकवता ठेवलेला लाकडी किंवा स्टीलचा डबा उत्तम.

गुंडाळायला सुती कापड. पोथी बासनात बांधतात आणि पैठणी मलमलीत ठेवून अधूनमधून घडी बदलतात, त्यामागे कापडाला आणि कागदाला श्वास घेऊ द्यायचाच हेतू असतो. प्लास्टिकच्या पिशवीत आतली ओल आतच राहते. डांबरगोळी डब्यात टाकली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. बुटांच्या खोक्यातली जुनी पुडी बहुधा आधीच भरलेली असते, तिचा उपयोग नाही. रंग बदलणारं जेल घ्या, नारिंगीचं हिरवं होणारं. निळ्याचं गुलाबी होणाऱ्या जातीत कोबाल्टचं संयुग असतं, ते टाळलेलं बरं. रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर तास-दोन तास तापवून पुन्हा वापरता येतं. जेवणाच्या भांड्यात मात्र तापवू नका. एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक डब्यात ठेवला तर अंदाज बांधायची गरजच उरत नाही. आकडा ४० ते ५५ टक्क्यांत असावा. ६५ च्या वर गेला आणि तिथेच रेंगाळला की बुरशीला आमंत्रण. उलट टोकाला, मे महिन्याच्या दुपारी ३० च्या खाली उतरला तर पत्ते वाकतात आणि कडा ठिसूळ होतात, तेव्हा डबा बंदच ठेवा.

वर्षाचा क्रम साधारण असा बसतो. रोहिणीच्या अखेरीस, मृग निघायच्या आधी, जेल तापवून डबा बंद करायचा. पावसाळ्यात उघडलाच तर दोन-तीन दिवस सलग उघडीप मिळाल्यावर दुपारी. महालक्ष्म्या झाल्या की एकदा वास तपासायचा. नवरात्राआधी घर धुऊन काढतात, गोधड्या-वाकळा भिजवतात, त्या दिवसांत घरात पाणीच पाणी असतं, तेव्हा डबा उंच ठेवून द्या. दिवाळीआधी भिंतींना रंग काढला असेल तर तो पूर्ण सुकेपर्यंत संच त्या खोलीत नेऊ नका. दिवाळीनंतरच्या कोरड्या थंडीत एक दिवस पत्ते सावलीत पसरून हवा दाखवली की वर्षाचं काम झालं.

नाद कधी सोडायचा, आणि घेताना काय बघायचं

पत्त्यांचे थर सुटून आत काळी-हिरवी बुरशी शिरली असेल तर तो संच वाचत नाही. हवाबंद पिशवीत बांधून कचऱ्यात द्या, जाळू नका. संच खरोखर जुना, हाताने रंगवलेला किंवा शंभरएक वर्षांचा वाटत असेल तर वरचं काहीच घरी करू नका. झाडू सुद्धा नका. कागदात गुंडाळून कागद-संवर्धन करणाऱ्याला दाखवा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलासंवर्धन केंद्र आहे, तिथून चौकशी सुरू करता येते.

छत्रपती संभाजीनगरच्या जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात किंवा रद्दीच्या दुकानात संच दिसला तर भाव करण्याआधी पेटी उघडून वास घ्या, आणि विक्रेत्यासमोर बिनधास्त घ्या. मधूनच एक पत्ता काढा, वरचा नको, वरचा त्याने पुसून ठेवलेला असतो. कडेवरून नख हळू फिरवा, थर सुटतोय का कळेल. गड्डी टेबलावर उभी धरून बाजूने बघा. कडा सरळ रेषेत दिसत असतील तर ओल फार आत गेलेली नाही, लाटेसारख्या दिसत असतील तर गेली आहे, आणि मग मागतोय त्याच्या निम्म्यानेही घेऊ नका. विक्रेता म्हणेल, “साहेब, उन्हात ठेवा, वास जातो.” त्यावर वाद घालत बसू नका. पत्ते मात्र तिथेच ७८ मोजून घ्या, पुढच्या रविवारी तो माणूस त्या जागी असेलच असं नाही.